प्रोसेसरनुसार इन्स्टॉलरची निवड

इन्स्टॉलर म्हणजे संगणकावर संचालन प्रणाली बसविण्यासाठी वापरली जाणारी संगणक आज्ञावली. एकाच संचालन प्रणालीचे इन्स्टॉलर निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी स्वतंत्रपणे तयार केलेले असतात. डेबियन या मुक्त संचालन प्रणालीत ते ‘आय३८६’, ‘एएमडी६४’, ‘एआरएम६४’ अशा नावांनी ओळखले जातात. ही नावे संगणकाच्या उत्पादकाची नसून प्रोसेसरच्या आज्ञासंचाची निदर्शक आहेत.

नावांची पार्श्वभूमी

प्रोसेसरला ठरावीक यंत्रभाषेतील आज्ञाच समजतात. त्या आज्ञांच्या समूहास आज्ञासंच म्हणतात. इंटेल कंपनीने १९८५ साली ८०३८६ हा ३२-बिट प्रोसेसर आणला. ‘आय३८६’ हे नाव त्यावरून पडले. ३२-बिट पत्त्यांद्वारे ४ गिगाबाइट स्मृतीपर्यंतच थेट पोहोचता येते. एएमडी कंपनीने याच आज्ञासंचाचा ६४-बिट विस्तार केला व तो २००३ साली ऑप्टेरॉन प्रोसेसरच्या रूपाने बाजारात आणला. इंटेलनेही २००४ पासून तो स्वीकारला. त्यामुळे इंटेलच्या ६४-बिट कोअर मालिकेतील प्रोसेसरांसाठीही ‘एएमडी६४’ हाच इन्स्टॉलर योग्य ठरतो. ‘एक्स८६-६४’ आणि ‘एक्स६४’ ही याच रचनेची अन्य नावे आहेत. ‘आयए६४’ ही मात्र इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरची वेगळी रचना असून ती घरगुती संगणकांत आढळत नाही.

‘एआरएम६४’ हा आज्ञासंच यांहून पूर्णपणे भिन्न आहे. रास्पबेरी पायच्या अलीकडील आवृत्त्या आणि २०२० नंतरचे ॲपलच्या एम मालिकेतील संगणक या रचनेचे आहेत. एआरएम यंत्रांची सुरू होण्याची पद्धत एकसारखी नसल्याने रचना जुळूनही त्या विशिष्ट यंत्रासाठी इन्स्टॉलर उपलब्ध आहे का, हे पाहावे लागते.

रचना ओळखणे

विंडोजमध्ये सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ विभागात ‘अबाउट’ या पानावर ‘सिस्टिम टाइप’ ही नोंद असते. तीत संचालन प्रणाली व प्रोसेसर यांची माहिती वेगवेगळी दिलेली असते. ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट प्रणाली बसविलेली असू शकते. म्हणून निवड करताना प्रोसेसरचीच नोंद ग्राह्य धरावी. लिनक्समध्ये ‘एलएससीपीयू’ या आदेशाने, तर मॅकमध्ये ‘अबाउट धिस मॅक’ या पर्यायाने ही माहिती मिळते.

चुकीच्या निवडीचे परिणाम

३२-बिट प्रोसेसरवर ‘एएमडी६४’ इन्स्टॉलर सुरूच होत नाही. डिस्कवरील माहितीला धक्का लागण्यापूर्वीच तो थांबत असल्याने ही चूक सहज लक्षात येते. याउलट ‘आय३८६’ इन्स्टॉलर ६४-बिट प्रोसेसरवर सहसा विनातक्रार चालतो. त्यामुळे ही चूक उशिरा, म्हणजे एखादी आज्ञावली केवळ ६४-बिट स्वरूपात उपलब्ध असल्याचे आढळल्यावर किंवा प्रणाली अद्ययावत करताना उघड होते. तोपर्यंत संगणकावर काम साठलेले असते आणि बहुधा संपूर्ण प्रणाली नव्याने बसवावी लागते.

३२-बिट इन्स्टॉलरची सद्यस्थिती

२०२१ साली आलेली विंडोज ११ ही प्रणाली ३२-बिट प्रोसेसरांसाठी उपलब्ध नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ पासून ‘आय३८६’ इन्स्टॉलर देणे बंद झाले. केवळ ३२-बिट प्रोसेसर असलेल्या जुन्या संगणकांसाठी डेबियन १२ ही अधिकृत इन्स्टॉलर असलेली शेवटची आवृत्ती ठरली.