मस्तिष्काघातोत्तर गृहपुनर्वसन

डोक्यास जबर इजा झालेल्या व्यक्तीला इस्पितळातून सोडल्यानंतर तिच्या हरपलेल्या शक्ती घरच्या नित्य व्यवहारांतून शक्य तेवढ्या परत मिळवून देण्याचा, आणि ज्या परतत नाहीत त्यांच्यावाचून जगण्याची रीत बसवून देण्याचा दीर्घ उद्योग. रत्नागिरी जिल्ह्यात महामार्गावरील अपघात आणि माडा-आंब्यावरून पडणे ही अशा इजेची ठळक कारणे होत. टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या आणि आता ३ ते १५ गुणांच्या असलेल्या ग्लासगो मापाने रुग्णाची शुद्ध मोजतात. तो घरी आल्यावर कसा वागेल, हे मात्र त्या अंकावरून नेमके कळत नाही.

मुंबईस हाजी अली येथे १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आहे. परंतु दर आठवड्यास तेथवर जाणे कोणास परवडावे? म्हणून घरच्यांनीच तज्ज्ञांकडून शिकून घ्यावे, हे उत्तम. उंच जोते, उंबरठे, मागीलदारचे न्हाणीघर आणि पावसाळ्यात शेवाळणारी जांभ्याची पाखाडी यांमुळे अर्धांग लुळे पडलेल्याला कोकणातले घर दुर्गम होते. तेथे कठडा व खरखरीत फरशी हवी. उठवताना लुळा हात ओढू नये, खांदा निखळतो. गिळताना ठसका लागत असल्यास पातळ पेजेपेक्षा मऊ आटवल सहसा बरी, तीही ताठ बसवून व तज्ज्ञाच्या सल्ल्याने द्यावी. फेफरे येत असल्यास विहीर, चूल आणि समुद्र यांपाशी एकट्यास सोडू नये.

हातापायांची दुर्बलता दिसते, म्हणून तिची कीव येते. परंतु विस्मरण, चिडखोरपणा, आरंभशून्यता ही मेंदूच्या इजेचीच लक्षणे असूनही आप्तेष्ट त्यांस आळस अथवा हट्ट समजतात, आणि कुटुंबे खचतात ती बहुधा येथेच. ठरलेला दिनक्रम, भिंतीवरचे कॅलेंडर, खिशातील वही, एका वेळी एकच काम आणि दुपारची विश्रांती यांचा येथे उपदेशाहून अधिक उपयोग होतो. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने व पुढे कित्येक वर्षे संथपणे होत राहते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत मस्तिष्काघाताचा स्वतंत्र उल्लेख नाही, ही उणीवच म्हटली पाहिजे; त्यामुळे दिव्यांगत्वाचा दाखला चलनवलन, वाचा अथवा अन्य दोषाखाली मागावा लागतो. अर्थसाहाय्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कचेरीत करावा. त्यास हा दाखला जोडावा लागतो.