मॉडेल रेल्वे: एकाच मांडणीवर अनेक गाड्या आपोआप कशा धावतात?

टेबलावरच्या छोट्या रुळांवर एक गाडी फिरवायला फारसं काही लागत नाही. त्याच रुळांवर तीन-चार गाड्या सोडल्या, की गंमतही वाढते आणि डोकेदुखीही. एक थांबवेपर्यंत दुसरी मागून येऊन धडकते. हे काम कॉम्प्युटरवर सोपवता येतं, पण कॉम्प्युटरला गाडी दिसत नाही. ती कुठे आहे हे त्याला रुळांनीच कळवावं लागतं. सगळं ऑटोमेशन या एका गोष्टीवर उभं आहे.

डिजिटल म्हणजे काय?

जुन्या पद्धतीत रुळातला व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरायचा. एका सर्किटवर दोन इंजिनं ठेवली, की दोन्ही एकदम पळायची. आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी पद्धत म्हणजे डीसीसी, अर्थात डिजिटल कमांड कंट्रोल. तिचा पाया जर्मनीतल्या लेन्झ कंपनीनं घातला. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशननं तिला प्रमाण पद्धत म्हणून मान्यता दिली. यात रुळांत वीज कायम असते आणि तिच्यातूनच संदेश जातात. प्रत्येक इंजिनात डिकोडर बसवलेला असतो आणि त्याला स्वतःचा नंबर असतो. कमांड स्टेशननं ३ नंबरला हुकूम दिला, की ३ नंबरचंच इंजिन हलतं, बाकीची ढिम्म.

ब्लॉकचा नियम

मांडणीचे तुकडे पाडतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. नियम एकच: एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. खऱ्या रेल्वेतही हेच तत्त्व आहे. पुढचा ब्लॉक रिकामा असल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही.

ब्लॉक भरलाय की रिकामा, हे ओळखायला त्याचा एक रूळ शेजारच्या ब्लॉकपासून विजेच्या दृष्टीनं तोडतात आणि त्याला सेन्सर जोडतात. इंजिन आत आलं, की ते वीज खेचतं आणि सेन्सर कॉम्प्युटरला ‘भरला’ असं कळवतो.

इथेच नवखे फसतात. दिवे नसलेला साधा डबा वीज खेचत नाही. चढावर शेवटचे दोन डबे सुटून मागे राहिले, तर इंजिन पुढे गेल्यावर तो ब्लॉक कॉम्प्युटरला रिकामाच वाटतो आणि मागची गाडी थेट त्या डब्यांवर जाते. खऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यामागे ‘एलव्ही’ ही पाटी असते ती याचसाठी. ती दिसली, की गाडी पूर्ण पुढे गेली हे कर्मचाऱ्यांना कळतं. मॉडेलमध्ये शेवटच्या डब्याला रेझिस्टर लावलेली चाकं बसवली, की तोही सेन्सरला कळतो.

नेमकं थांबणं

ब्लॉक सगळ्यात लांब गाडीपेक्षा मोठा हवा. १:८७ या एचओ प्रमाणात २२ मीटरचा डबा सुमारे २५ सेंटिमीटरचा होतो. म्हणजे इंजिन आणि चार डबे मिळून सव्वा मीटर. ब्रेकसाठी जागा धरली, तर ब्लॉक किमान दीड मीटरचा ठेवावा. प्रत्येक इंजिनाची चाल वेगळी असते. म्हणून आधी एकेक इंजिन चालवून कोणत्या पायरीला खरा वेग किती, हे मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरतात. हे टाळलं, तर एक गाडी सिग्नलच्या अलीकडेच थांबते आणि दुसरी पलीकडे जाते.

सगळ्या गाड्या अडकल्या तर?

गोल मार्गावर चार ब्लॉक आणि चारच गाड्या असतील, तर प्रत्येक गाडी पुढची हलायची वाट बघत बसते. टक्कर होत नाही, पण मांडणी ठप्प होते. म्हणून एक ब्लॉक तरी रिकामा हवाच. एकेरी मार्गावर समोरासमोर गाड्या असतील, तर फक्त पुढचा ब्लॉक राखून भागत नाही. पुढच्या क्रॉसिंगच्या लूप लाइनपर्यंतचा अख्खा मार्ग राखून, सांधे लावून मगच गाडी सोडावी लागते.

सुरुवात कुठून करावी?

जेएमआरआय हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ट्रेनकंट्रोलर आणि आयट्रेन विकत मिळतात. पण सॉफ्टवेअर शेवटी येतं. आधी रूळ आणि चाकं स्वच्छ हवीत, कारण मळलेल्या रुळावर डिकोडरला हुकूमच पोचत नाही. मग सेन्सर तपासावेत. मग एक गाडी आपोआप फिरवून बघावी. ती तासभर विनाचूक फिरली, की दुसरी सोडावी.

याच तत्त्वावर हॅम्बुर्गच्या मिनिआटुर वुंडरलँडमध्ये हजाराहून अधिक गाड्या कॉम्प्युटरच्या हुकमतीत धावतात. ब्राउन बंधूंनी ते २००१ मध्ये सुरू केलं. इतक्या लांब जायचं नसेल, तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचं १९९८ पासूनचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे गाड्या बघताना एक गाडी थांबली, की पुढचा ब्लॉक कुणी अडवलाय ते शोधावं. पडद्यामागचं काम तिथेच समजायला लागतं.