बेचिराग गावे

महसुली कागदांत गावांच्या यादीत काही नावांपुढे एक शेरा असतो: बेचिराग. गावाला नाव आहे, शिवार आहे, सारा आहे, पण राहणारे कुणी नाही. जनगणनेच्या पुस्तकात त्यालाच 'वस्ती नसलेले गाव' म्हणतात. त्या भागातल्या माणसाला विचारले तर तो म्हणेल, "ते उजाड आहे, त्याचं रान आमच्या गावाला लागून आहे."

बोलीत हा शब्द 'बेचिराख' झाला आणि त्यात राख ऐकू येऊ लागली. राख म्हटली की जाळपोळ आली, फौज आली, आणि मग सगळी ओसाड गावे कुणीतरी जाळलेली वाटू लागतात. मूळ शब्दात राख नाही. फारसीतला 'बे' म्हणजे विना आणि 'चिराग' म्हणजे दिवा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही त्याची फोड अशीच आहे. दिवेलागणीला जिथे दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. गाव नांदते आहे की नाही हे ओळखायला याहून सोपी खूण सापडणार नाही.

आमच्या घरात दखनी बोलतात. थोरल्या बायका 'चिराग बुझाओ' असे कधी म्हणत नसत, 'चिराग बढा दो' म्हणत. मराठी घरातही दिवा विझवत नाहीत, मालवतात. मुलगा उर्दूत घराचा चिराग असतो आणि मराठीत वंशाचा दिवा. (मुलींना दिव्याचा मान द्यायला दोन्ही भाषा विसरल्या.) त्यामुळे तलाठ्याच्या कोरड्या शेऱ्यातला हा शब्द मला कोरडा वाटत नाही. कुणीतरी गावाला घरासारखे पाहिले आणि त्याचा दिवा मालवल्याची नोंद केली.

असे गाव जमिनीवर कसे दिसते? आपल्या शेतकऱ्याने मातीचे दोन रंग मानले आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे राहण्याची. पिढ्यान् पिढ्या भिंती पडतात, चुलीची राख साचते, शेणमाती मिसळते, आणि ती माती पांढुरकी होते. काळ्या रानात मधेच पांढरे टेकाड उठलेले दिसले, त्यात खापराचे तुकडे सापडू लागले, की तिथे कधीतरी गाव होते असे समजावे. बहुतेक अशा जागी तीन गोष्टी टिकून असतात: मारुती, एखादा पीर आणि बुजत आलेली विहीर. घरे कुणी पुन्हा बांधत नाही, पण शनिवारी मारुतीला तेल वाहायला आणि गुरुवारी पिराला ऊद लावायला शेजारच्या गावातून कुणीतरी येते. ते लोक अनेकदा त्याच मोडलेल्या गावातून उठून आलेल्यांचे वंशज असतात.

गाव मोडले तरी नाव राहिले याचे श्रेय भावनेला कमी आणि साऱ्याला जास्त द्यावे लागेल. माणसे गेली म्हणून जमीन जात नाही, आणि जमिनीवर सारा बसवायचा तर तिला मौजा लागतो. सरकारला तोटा नको होता, म्हणून नावे वाचली.

गावे उठण्याचे सर्वांत मोठे कारण दुष्काळ. १६३० आणि १६३१ अशी दोन वर्षे पाऊस हटला तेव्हा गुजरात आणि दख्खन दोन्ही पोळले. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने त्याचे भयानक वर्णन करून ठेवले आहे. त्यातच निजामशाही बुडवण्याची लढाई चालू होती, आणि १६३३ मध्ये दौलताबाद पडले. दुष्काळाने आणि फौजेने मिळून हा मुलूख रिकामा केला. वीस वर्षांनी औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हाही सारा वसूल होईना, कारण कसणारेच नव्हते. त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने पांगलेल्या कुणब्यांना परत बोलावले, ओसाड गावांना नवे मुकादम नेमले आणि बैल-बियाण्यासाठी कर्ज दिले. त्या कर्जाला तकावी म्हणत. आपल्या आजोबांच्या तोंडी तीच 'तगाई' होती, आणि ती काढायला त्यांना तालुक्याला खेटे घालावे लागत.

ओसाड गाव पुन्हा वसवण्याची मराठ्यांची रीतही अशीच होती. कौल द्यायचा, पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा चढता. त्याला इस्तावा म्हणत. पुढे १८०३-०४ चा दुष्काळ आला. त्याच्या तोंडावर, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, असईची लढाई झाली. असई तेव्हा याच मुलखात होती, आज जालना जिल्ह्यात आहे. मग १८९९-१९०० चा छप्पन्न्या आला. प्रत्येक वेळी काही गावे मोडली, काही परत भरली, काही पांढरी बदलून अर्ध्या कोसावर नव्याने वसली. गाव मरते ते एका दिवसात नव्हे. आधी बलुतेदार जातात, मग पाण्याची वाट लांब होते, मग चार घरे उरतात, आणि ती चार घरेही एका उन्हाळ्यात शेजारच्या वाडीला जातात.

गावांच्या नावांत या येण्या-जाण्याच्या खुणा आहेत. एका गावाची दोन झाली की धाकटे 'खुर्द' आणि थोरले 'बुद्रुक'. दोन्ही शब्द फारसी. 'बुजुर्ग'चे बुद्रुक आपण आपल्या जिभेने केले. नावे झाडांची, पाण्याची, आणि तीच ती: पिंपळगाव, वडगाव, निमगाव, टाकळी. मग ओळखायला काहीतरी जोडावे लागते. खुलताबाद तालुक्यात बाजारसावंगी आहे, तर इकडे लाडसावंगी. पैठण तालुक्यात पिंपळवाडी आहे ती पिराची, आणि वाडगाव आहे ते मुलानी. मुलानी म्हणजे गावगाड्यात हलालीचे काम करणारा. कुठल्या बादशहाने त्याच्या नावाचे फर्मान काढले नव्हते. फुलंब्री तालुक्यातले पीरबावडा असेच. खुलताबादेजवळ नंद्राबाद आहे. त्यात 'नंद्रा' आणि 'आबाद' असे शेजारी बसले आहेत की त्यांना वेगळे करू गेले तर हाती गावच राहणार नाही. सोयगाव तालुक्यात लेणापूर आहे. अजिंठ्याची लेणी याच गावाच्या हद्दीत येतात आणि पुरातत्त्व खात्याच्या यादीत त्यांचा पत्ता लेणापूर असाच आहे. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी १८१९ मध्ये तिथे पोचला आणि लेण्यांचा 'शोध' लागला असे आपण शाळेत शिकलो. गावाचे नाव लेणापूर ठेवणाऱ्यांना काय ठाऊक होते, हे कुठल्या पुस्तकात नसते.

शहराच्या नावाबद्दल इतके बोलले गेले आहे की त्यात भर घालायची मला इच्छा नाही. खडकाळ जागेवरची खडकी, मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेले शहर, त्याचा मुलगा फतेहखानाच्या काळचे फतेहनगर, १६५३ पासूनचे औरंगाबाद, २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. हा क्रम आता पोरासोरांनाही पाठ आहे. या भांडणात एक गोष्ट मात्र राहून गेली. मलिक अंबरच्या खडकीत त्याच्या पदरच्या भोसले सरदारांचे पुरे होते, आणि जुन्या गॅझेटियरात त्यांची नावे आहेत: मालोजींवरून मालपुरा, खेळोजींवरून खेळपुरा, परसोजींवरून परसपुरा, विठोजींवरून विठापुरा. एका हबशी वजिराने वसवलेल्या शहरात मराठा सरदारांच्या नावाच्या चार वस्त्या. शहराच्या नावासाठी दोन्ही बाजूंनी गळा काढणाऱ्या कितीजणांना ही चार नावे सांगता येतील?

मोगलांच्या काळात आलेल्या राजपूत सरदारांचे पुरे मात्र टिकले. करणपुरा हा बिकानेरच्या राजा करणसिंहाचा, पदमपुरा त्याचा मुलगा पदमसिंह याचा. भावसिंगपुरा बुंदीच्या भावसिंहाचा, पहाडसिंगपुरा ओरछाकडच्या बुंदेल्यांचा. नवरात्रात करणपुऱ्याच्या देवीला जाणाऱ्या गर्दीच्या पायाखाली राजस्थानातल्या एका राजाचे नाव असते, आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. वाटू नये हेच बरे. निजामाने राजधानी हैदराबादला हलवल्यावर शहर आटत गेले, तटाबाहेरचे कितीतरी पुरे पडके झाले. म्हणजे बेचिराग होण्याची पाळी फक्त खेड्यांवर आली असे नाही.

आता आपल्या डोळ्यांदेखत बुडालेल्या गावांकडे येतो. हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवर धरण बांधायचे ठरत होते ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी नावाच्या गावाजवळ. पुढे पाहणी झाली, जागा बदलली, आणि धरण कितीतरी वरच्या अंगाला पैठणला बांधायचे ठरले. कागदांवर नाव 'जायकवाडी प्रकल्प' पडले होते, ते तसेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, आणि मागे सुमारे ३५ हजार हेक्टरांवर पसरलेले पाणी. जलाशयाला एकनाथांचे नाव दिले, नाथसागर. ज्या गावी धरण झालेच नाही त्याचे नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले. ज्या गावांवर पाणी आले त्यांची नावे फक्त त्यांच्या सोयऱ्यांना ठाऊक राहिली.

पैठण, गंगापूर, आणि पलीकडच्या शेवगाव-नेवाशाची गोदाकाठची गावे त्यात गेली. नदीकाठ म्हणजे सगळ्यांत जुनी पांढरी आणि सगळ्यांत कसदार काळी. उठलेल्या गावांनी नव्या गावठाणाला जुनेच नाव दिले. म्हणून गंगापूरकडे जुने कायगाव आहे आणि नवीन कायगावही. जुन्याला 'जुने' म्हणण्याची वेळ त्या गावावर धरणाने आणली. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा, म्हणजे धरणाचे उद्घाटन झाले त्याच वर्षीचा. तोवर जे उठले ते कायद्याआधीच उठले होते.

विस्थापनाची एक बाजू मला फार कमी ठिकाणी लिहिलेली दिसते. मारुतीची मूर्ती बैलगाडीत घालून नव्या गावठाणात नेता येते, विधी करून बसवता येते. कबर नेता येत नाही. पिराचा उरूस नव्या जागी भरवता येतो, संदल निघू शकते, पण आई-बाप ज्या मातीत आहेत ती माती पाण्याखालीच राहते. आमच्यात शब-ए-बरातला कब्रस्तानात जाऊन फातिहा पढायची रीत आहे. बुडालेल्या गावच्या माणसाने त्या रात्री कुठे जावे? गावातल्या ज्या समाजांत पुरण्याची चाल आहे त्या सगळ्यांची हीच अडचण. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात धरण मृत साठ्यापर्यंत खाली गेले. अशा वर्षी पाणी मागे सरते, जोती आणि पायऱ्या उघड्या पडतात. बातमीदार 'धरणाने तळ गाठला' असे लिहितात, ते खरेच असते. पण म्हातारी माणसे तेवढ्यासाठी येत नाहीत. ती येतात आणि बोटाने दाखवतात: ही आमची पडवी, ही वेस.

याहून मुकाट्याने गेलेली नावे शहराच्या पोटात आहेत. सिडकोच्या नव्या शहराला एन-१, एन-२ असे अंक मिळाले आणि त्या प्लॉटांखालच्या रानांना जी नावे होती ती सातबाऱ्यातूनही उतरली. चिकलठाण्याकडच्या मसनतपूरचे नाव आता जमिनीच्या व्यवहारात तेवढे निघते. बिडकीनच्या शिवारात आता औद्योगिक नगरी उभी राहते आहे. शेताला शेतकरी नाव ठेवतो, 'चिंचेचं', 'पिराचं', 'पांढरीचं', आणि सरकार गट नंबर देते. जमीन संपादन झाली की नंबराचा मोबदला मिळतो, नावाचा हिशेब कुठे होत नाही.

२०२३ च्या शेवटी मराठवाड्यातल्या अभिलेख कक्षांची कुलुपे निघाली. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली होती, आणि निजामकाळचे कागद काही उर्दूत, काही मोडीत, म्हणून ती वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या लिपीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते तिची जाणकार माणसे अचानक तहसिलात बोलावली जाऊ लागली. काम एका शब्दाचे होते: कुणबी. तो शब्द कुणाच्या तरी पोराच्या प्रवेशाचा, नोकरीचा होता, त्यामुळे पान उलटण्याची घाई समजण्यासारखी आहे. पण त्याच पानांवर मौजांची नावे होती, पुढे 'आबाद' किंवा 'बेचिराग' असा शेरा होता, आणि ते वाचू शकणारी माणसे त्या दिवशी तिथेच बसलेली होती. एका जादा वहीत तेवढे उतरून घेतले असते तर तालुक्यागणिक यादी तयार झाली असती. खासरा पाहणीपत्रके १९५४ ची आहेत, त्यात शेतांची नावेही कुठे कुठे दिसतात. ते कागद अजून तिथेच आहेत. वाचणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहेत.