बॅकहँड टॉपस्पिनची कुळकथा

पुण्यात कोच मुलांना बॅकहँड टॉपस्पिन शिकवतात तेव्हा एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावतात: बॉलला मारू नकोस, घास. या घासण्याचं मूळ शोधत गेलं, तर आपण मुंबईत पोचतो.

फेब्रुवारी १९५२. आशियातली पहिली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली होती. तोवर बहुतेकांच्या बॅटवर नुसतं दाणेदार रबर असे. ‘टक’ आवाजावरून समोरच्याला फटक्याचा जोर कळायचा. जपानचा हिरोजी साटो जाड स्पंजाची बॅट घेऊन आला आणि तो आवाजच गेला. अंतिम सामन्यात त्याने हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवलं. पुढे १९५९ मध्ये उघड्या स्पंजावर बंदी आली. स्पंजावर रबर हवं आणि दोन्हींची जाडी मिळून ४ मिलिमीटरच्या आत, असा नियम झाला. आजचा जोरदार टॉपस्पिन जन्मला तो या रबरावर. स्पंजात बॉल क्षणभर रुततो, तेवढ्यात बॅट वर घासत गेली की तो पुढे गरगरत निघतो. असा बॉल हवेत खाली वळतो, म्हणून जोरात मारूनही टेबलावर पडतो.

१९६०च्या सुमारास जपान्यांनी असा घासून मारायचा ‘लूप’ आणला, पण फोरहँडचा. पेनासारखी (पेनहोल्ड) बॅट धरणाऱ्याला बॅकहँडने तसं घासणं फार अवघड. ते काम हात मिळवल्यासारखी बॅट धरायच्या शेकहँड पकडीच्या युरोपीय खेळाडूंनी केलं. हा फटका एकट्याने कुणी शोधला असं मला वाटत नाही. पण त्याला खरी धार चढवणाऱ्यांत हंगेरीचा तिबोर क्लाम्पार नक्कीच आहे. बॅकहँडला स्वतःचंच अंग आडवं येतं. हात मागे न्यायला जागा नाही, कंबरेची मदतही थोडीच. म्हणून कोपर जरा पुढे, मनगट पोटाकडे वळवलेलं, आणि तिथून कोपराखालचा हात झटकन पुढे-वर. एवढ्याशा जागेतून निघालेला वेग बघताना मी आजही थक्क होतो. १९७९ मध्ये प्याँगयांगला क्लाम्पार, योनियेर आणि गेर्गेय यांच्या हंगेरीने चीनला हरवून सांघिक विजेतेपद मिळवलं. मुंबईत स्पंजापुढे हरलेल्या देशाने स्पंजाची विद्या इथवर नेली होती.

पेनहोल्डवाल्यांना उत्तर सापडायला नव्वदचं दशक उजाडलं. लियु क्वोलियांगने बॅटच्या मागच्या बाजूलाही रबर लावून तिथून बॅकहँड मारायला सुरुवात केली. वांग हावने तर बॅकहँडचा सगळा खेळच त्या बाजूवर उभा केला आणि २००९ मध्ये योकोहामात तो जगज्जेता झाला.