तारण आणि यहुदी विवाहरीती

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात मराठी वाचक हमखास अडखळतो. मरीयेची योसेफाशी मागणी झालेली आहे, ती अद्याप त्याच्या घरी नांदावयास गेलेली नाही; तरीही योसेफ तिला गुपचूप सोडून देण्याचा विचार करतो. लग्नच झाले नसता सोडचिठ्ठी कसली, असे आम्हांस वर्गात एकाहून अधिक वेळा विचारण्यात आले आहे. प्रश्न रास्त आहे.

प्राचीन यहुदी विवाह दोन टप्प्यांत होई. पहिला 'एरुसिन', दुसरा 'निस्सुइन'. आपला साखरपुडा मोडता येतो. एरुसिन मोडावयाचे तर रीतसर सोडपत्रच द्यावे लागे. वधू कायद्याने पत्नी होई, परंतु राही पित्याच्याच घरी. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना' या ग्रंथात, वराने मागणे केल्यापासून कुमारिकेस तयारीसाठी १२ महिने व विधवेस ३० दिवस द्यावेत, असा नियम आहे.

पौल करिंथकरांस लिहितो तेव्हा ही मधली अवस्थाच त्याच्या डोळ्यांपुढे आहे. मंडळीची सोयरीक त्याने ख्रिस्ताशी जुळविली आहे. तिला शुद्ध कुमारी म्हणून वरापुढे उभी करावयाचे अजून राहिले आहे. उद्धार झालेला आहे आणि व्हावयाचाही आहे, हे ख्रिस्ती विचारातील वरवर विसंगत भासणारे विधान या रीतीच्या उजेडात सुबोध होते. दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारी याच मधल्या काळात जाग्या राहावयाच्या असतात.

आता मोलाची गोष्ट. इब्री 'मोहर' म्हणजे वराने वधूपित्यास द्यावयाचे धन. आपल्या सोन्याच्या मोहरेशी त्याचा संबंध नाही. याकोबापाशी धन नव्हते, म्हणून राहेलीसाठी त्याने सात वर्षे सासऱ्याची मेंढरे राखली, आणि फसवणूक झाल्यावर आणखी सात. होशेय संदेष्ट्याने परपुरुषाकडे गेलेल्या स्त्रीला परत आणण्यासाठी १५ शेकेल रुपे आणि दीड होमर जव मोजले. येथे विवाह आणि सोडवणूक यांची गाठ पडते. रूथच्या कथेत ती अधिक घट्ट होते. बवाज हा 'गोएल', म्हणजे आप्ताची हातची गेलेली जमीन वा माणूस सोडविणारा नातलग. तो शेत सोडवितो आणि परक्या कुळातील विधवेस पत्नी म्हणून स्वीकारतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात वर मोल म्हणून धन देत नाही, स्वतःसच देतो.

या चित्रास मुलामा देण्याचे कारण नाही. मोहर हा व्यवहार होता, आणि त्यात मुलीचे मत फारसे विचारले जात नसे. परंतु यहुदी शास्त्रकारांनी तो तसाच राहू दिला नाही. इ. स. पूर्वी पहिल्या शतकातील शिमोन बेन शेताख याच्या नावावर असलेल्या सुधारणेनुसार ही रक्कम 'केतुबा' या करारपत्रात नमूद होऊन पतीच्या सर्व मालमत्तेवर तिचा बोजा राही. पती निवर्तल्यास वा त्याने सोडल्यास ती पत्नीस मिळे. कुमारिकेस २०० झूझ, विधवेस १००. मराठीत 'तारण' हा शब्द उद्धारासही लागतो आणि कर्जापोटी ठेवलेल्या मालमत्तेसही. भाषेतील हा योगायोग येथे फार अन्वर्थक वाटतो.

आपल्याकडे मात्र हे चित्र सहजी उमटत नाही. मनुस्मृतीने धन देऊन केलेला विवाह 'आसुर' ठरविला. देज घेणाऱ्या जातींकडे वरिष्ठ वर्ग तुच्छतेने पाहत आला. आणि त्याच वर्गात कन्यादानाबरोबर हुंडा वराकडे वाहत राहिला. तो बंद करण्यासाठी १९६१ साली कायदा करावा लागला, आणि त्यानंतरही तो थांबला नाही. ज्या समाजात वर घेणारा असतो, तेथे सर्वस्व देऊन वधूस सोडविणाऱ्या वराची उपमा ऐकणाऱ्याच्या मनात काय उभे करीत असेल, याचा मराठी ख्रिस्ती उपदेशकांनी पुरेसा विचार केला आहे, असे आम्हांस वाटत नाही.

अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास एरुसिन व निस्सुइन एकाच मांडवाखाली आले. आपल्या कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल मंडळींच्या लग्नातही केतुबा मोठ्याने वाचला जातो. यहुदी विधीत त्याची जागा या दोन टप्प्यांच्या मध्ये असते. पूर्वी बारा महिन्यांचे असलेले अंतर आता एक कागद वाचून होईपर्यंतचे उरले आहे.