रेहेकुरीचा काळवीट, टेक्ससची शिकार

१/ अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, रेहेकुरी येथे, १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य स्थापन झाले. क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर.

२/ काळविटाची शिकार हा पूर्वी राजदरबारी खेळ होता. मोगलांपासून कोल्हापूरच्या छत्रपतींपर्यंत अनेकांनी त्यासाठी चित्ते पाळले. देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर संस्थानाने ते आफ्रिकेतून आणवले.

३/ १९३२ साली हाच काळवीट अमेरिकेतील टेक्ससमध्ये सोडण्यात आला. तेथे तो परदेशी प्राणी ठरत असल्याने शिकारीला बंद हंगाम नाही. खासगी कुरणांवर वाटाड्या घेऊन, बंदुकीने वा धनुष्यबाणाने, पैसे मोजून त्याची शिकार होते. परदेशी रानमेंढ्यांचीही होते.

४/ भारतात १९७२ च्या कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीतील संरक्षण दिले. पाकिस्तानात मात्र तो नामशेष झाला. १९७० च्या दशकात त्याच्या पुनर्वसनासाठी टेक्ससमधूनच काळवीट न्यावे लागले.

५/ शिकारीच्या बाजाराने काळविटाची संख्या राखली, हे नाकारता येत नाही. परंतु त्या व्यवहारात दख्खनचे माळरान वाचत नाही. माळ नांगरला गेला की कळप पिकांत उतरतात आणि संरक्षणाचा भार शेजारच्या शेतकऱ्यावर पडतो. रेहेकुरीचा खरा प्रश्न तो आहे.