गुडघ्याचा तुटलेला अस्थिबंध : टाक्यांपासून कलमापर्यंत

मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत जोडणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांपैकी पुढचा, म्हणजे एसीएल, नडगीला पुढे सरकू देत नाही. तो तुटला की वळताना गुडघा निसटतो. त्यावरील शस्त्रक्रियेचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो : तुटलेली टोके शिवावीत, की त्या जागी नवा बंध बसवावा?

शिवण्याचा मार्ग : १८९५ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराचे तुटलेले अस्थिबंध शिवले. सहा वर्षांनी तो न लंगडता चालत होता. या यशामुळे पद्धत रुजली. मात्र १९७६ मध्ये फेगिन आणि कर्ल यांनी अमेरिकी लष्करी अकादमीतील रुग्णांची पाच वर्षांनंतरची स्थिती मांडली. शिवलेले बहुतेक गुडघे पुन्हा अस्थिर झाले होते. सांध्यातील द्रवामुळे दोन टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, म्हणून ती सांधत नाहीत.

नवा बंध : ब्रिस्टलचे हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्येच दुसरी वाट दाखवली होती. मांडीच्या बाहेरच्या बाजूची तंतुमय पट्टी त्यांनी दोन्ही हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून ओवली. बोगद्यांचे तत्त्व आजही कायम आहे. १९६३ मध्ये केनेथ जोन्स यांनी वाटीखालच्या कंडरेचा मधला भाग, वाटीच्या हाडाच्या तुकड्यासह वापरला. हाड हाडाशी लवकर जुळते, हा त्याचा फायदा. पुढे मांडीमागच्या स्नायूंच्या कंडराही वापरात आल्या.

कृत्रिम धागे आणि दुर्बीण : १९८० च्या दशकात कार्बन, डेक्रॉन यांचे बंध आले. जिवंत कलमात हळूहळू रक्तवाहिन्या शिरतात. कृत्रिम धागा मात्र झिजतच जातो. त्याच्या कणांनी सांधे सुजले, अनेक बंध तुटले. याच काळात दुर्बिणीने छोट्या छेदांतून शस्त्रक्रिया होऊ लागली.

शस्त्रक्रियेनंतर : पूर्वी पाय दीर्घकाळ प्लास्टरमध्ये ठेवत, गुडघा आखडे. १९९० मध्ये शेलबोर्न आणि निट्झ यांनी लवकर हालचाल सुरू करण्याचा कार्यक्रम मांडला. सूचना मोडून लवकर चालू लागलेल्या रुग्णांचे गुडघे चांगले राहिल्याचे निरीक्षण त्यामागे होते.

पहिल्या यशाने जे पटवले, ते दीर्घ पाठपुराव्याने तपासले गेले, हा या इतिहासाचा धडा.

विचारासाठी प्रश्न : एका रुग्णाच्या यशावरून पद्धत स्वीकारण्यात कोणता धोका असतो?